४०० मिमीचा बेंड हवा, मग डाय ३७३ ची का? ॲल्युमिनियम एक्स्ट्रूजन वाकवण्याच्या टूलिंगबद्दल

नवीन ज्युनिअर्सचे सिनॉप्सिस वाचताना एक वाक्य हमखास सापडतं: 'आवश्यक ते टूलिंग तयार करून चाचण्या घेण्यात येतील.' बस, एवढंच. आजूबाजूला फायनाइट एलिमेंटची दोन-तीन पानं, लिटरेचर रिव्ह्यू आठ पानं. आणि प्रत्यक्षात दुसरं वर्ष संपत आलं तरी बरेच जण त्या एका वाक्यातच अडकलेले असतात. म्हणून आजची पोस्ट त्या वाक्याबद्दल. उदाहरण माझ्या रोजच्या कामातलं घेते: ॲल्युमिनियमचं पोकळ एक्स्ट्रूजन वाकवायचं आहे आणि त्याची डाय आपणच डिझाइन करायची आहे. मी मुळात एम.एस्सी. फिजिक्सची, वर्कशॉपची भाषा नंतर शिकले. त्यामुळे तुमच्यातल्या सायन्सवाल्यांनी बिचकू नका. लागणारं गणित बारावीच्या फार पुढचं नाही.

एक्स्ट्रूजन तुम्ही रोज बघता. घरातल्या सरकत्या खिडकीची चौकट म्हणजे एक्स्ट्रूजनच. फॅब्रिकेटर त्याला नुसतं 'सेक्शन' म्हणतो. ॲल्युमिनियमचं बिलेट साधारण ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापवून प्रेसने एका भोकातून ढकलतात आणि भोकाच्या आकाराची लांबच लांब पट्टी बाहेर येते. त्या भोकाच्या तुकड्यालाही डायच म्हणतात, पण या पोस्टमध्ये डाय म्हणजे वाकवण्याची डाय, जिच्याभोवती सेक्शन गुंडाळलं जातं ती. काही टूलरूममध्ये तिला फॉर्मर म्हणतात.

सेक्शन प्रेसमधून निघतं सरळ, आणि गाडीच्या बंपर बीमला, सीटच्या फ्रेमला, इमारतीच्या कमानीला ते हवं असतं वाकडं. १९९४ सालच्या ऑडी ए-८ च्या ॲल्युमिनियम स्पेस फ्रेममध्ये वाकवलेली एक्स्ट्रूजन होती, तेव्हापासून या विषयावर भरपूर काम झालंय. जर्मनीत डॉर्टमुंडच्या विद्यापीठात तर सेक्शन प्रेसमधून बाहेर पडतानाच वळवायची पद्धत विकसित केली गेली. आपण मात्र सर्वांत साध्या पद्धतीवर राहू: रोटरी ड्रॉ बेंडिंग. डाय गोल फिरते, क्लॅम्प सेक्शनचं पुढचं टोक डायला घट्ट धरतो, मागे प्रेशर पॅड दाबून ठेवतो, आणि सेक्शन डायभोवती ओढलं जातं.

आता आकडे. सेक्शन ४० बाय ४० मिमीचा चौकोनी पाइप, भिंत २ मिमी, मिश्रधातू ६०६३, टेम्पर टी-६. ड्रॉइंगवर मधल्या रेषेची त्रिज्या ४०० मिमी आणि कोन ९० अंश.

पहिला प्रश्न: तुटेल का? मधल्या रेषेपासून बाहेरची कड २० मिमीवर आहे. २० भागिले ४०० म्हणजे बाहेरच्या भिंतीला ५ टक्के स्ट्रेन. ६०६३ टी-६ च्या पातळ भिंतीसाठी स्पेसिफिकेशनमध्ये एलाँगेशन किमान ८ टक्के मागतात. म्हणजे जमेल, पण फार सैल जागा नाही. हाच बेंड २०० च्या त्रिज्येत मागितला असता तर स्ट्रेन १० टक्के, आणि टी-६ मध्ये तडा जायची पूर्ण शक्यता.

दुसरा प्रश्न खरा: सोडल्यावर किती उघडेल? वाकवताना सेक्शनमध्ये जो बेंडिंग मोमेंट असतो तो आपण हात काढला की शून्य होतो, आणि तेवढी इलॅस्टिक वक्रता परत जाते. परत जाणारी वक्रता म्हणजे मोमेंट भागिले यंग्ज मॉड्युलस गुणिले मोमेंट ऑफ इनर्शिया. आपल्या पाइपचा मोमेंट ऑफ इनर्शिया ४० चा चौथा घात वजा ३६ चा चौथा घात, भागिले १२, म्हणजे सुमारे ७३,३६५. प्लास्टिक सेक्शन मॉड्युलस ४० चा घन वजा ३६ चा घन, भागिले ४, म्हणजे ४,३३६. टी-६ ची यील्ड स्ट्रेंग्थ हँडबुकात २१४ मेगापास्कल मिळते. ४,३३६ गुणिले २१४ म्हणजे मोमेंट सुमारे ९२८ न्यूटन-मीटर. ॲल्युमिनियमचा यंग्ज मॉड्युलस ७० गिगापास्कल धरा. भागाकार केला की परत जाणारी वक्रता येते ०.०००१८ प्रति मिमी.

आपल्याला शेवटी हवी असलेली वक्रता १ भागिले ४००, म्हणजे ०.००२५. म्हणून वाकवताना ०.००२६८ इतकी वक्रता द्यावी लागेल. उलटा करा: ३७३ मिमी. शीर्षकातला आकडा तो हाच. आणि ९० अंश हवे असतील तर मशीन ९६.५ अंशांपर्यंत न्यावं लागेल. (३७३ ही मधल्या रेषेची त्रिज्या आहे. डायच्या खाचेचा तळ त्याहून २० मिमी आत, म्हणजे ३५३ वर. ड्रॉइंगवर नेमकी कोणती त्रिज्या लिहिली आहे हे टूलरूमला फोन करून सांगा, नुसत्या ई-मेलवर सोडू नका.)

स्टीलच्या लोकांना हा त्रास कमी असतो. २५० मेगापास्कलच्या साध्या स्टीलचा असाच पाइप घेतला तर परत जाणारी वक्रता याच्या जेमतेम ४० टक्के येते, कारण स्टीलचा यंग्ज मॉड्युलस जवळपास तिप्पट आहे. ॲल्युमिनियम वाकायला सोपं वाटतं खरं, पण ते आपलं जुनं वळण लवकर विसरत नाही.

हे गणित साधं आहे. यात यील्डनंतर धातू आणखी कडक होतो हे धरलेलं नाही आणि पाइपचा काटछेद वाकताना बदलत नाही असं मानलंय. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. पण अंदाजाला हे पुरतं, आणि त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते जी मला सिम्युलेशनच्या रंगीत चित्रांत कधी एवढी स्वच्छ दिसली नाही: डायची त्रिज्या थेट यील्ड स्ट्रेंग्थवर अवलंबून आहे.

आणि यील्ड स्ट्रेंग्थ कुठून आणली? हँडबुकातून. तो आकडा आहे 'टिपिकल'. ६०६३ टी-६ एक्स्ट्रूजनच्या प्रचलित स्पेसिफिकेशनमध्ये यील्ड किमान १७० मेगापास्कल मागितलेली असते. किमान! कमाल मर्यादाच नाही. स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर आहे पूल, जिना, खिडकी. त्याची काळजी एवढीच की धातू कमजोर निघू नये. जास्त मजबूत निघाला तर त्याला आनंदच. वाकवणाऱ्याला मात्र दोन्ही बाजूंनी फरक पडतो. १७५ चा लॉट आणि २४० चा लॉट, दोघांच्याही टेस्ट सर्टिफिकेटवर 'पास' लिहून येईल, आणि दोन्ही तुमच्या एकाच डायवर वेगवेगळे वाकतील.

किती वेगळे? २१४ धरून ३७३ ची डाय कापली आणि हातात १७० चा माल आला, तर त्रिज्या ४०० ऐवजी ३९४ येते आणि कोन ९० ऐवजी ९१.३ अंश. १.३ अंश म्हणजे काय ते तर, असं वाटेल. बेंडच्या पुढे सरळ पाय अर्धा मीटर असेल तर त्याचं टोक एक सेंटिमीटरहून जास्त सरकतं. जिग्मध्ये बसत नाही, वेल्डिंगला गॅप येतो. चुकून टी-४ चा माल आला, ज्याची यील्ड ९० च्या आसपास असते, तर त्रिज्या ३८४.

भोसरीच्या टूलरूममधले काका डायचं ड्रॉइंग हातात घेतल्यावर पहिलं विचारतात, "मॅडम, हा आकडा फायनल ना? एकदा हार्डनिंगला गेलं की मग मला म्हणू नका." काकांचा प्रश्न कोणत्याही रिव्ह्यूअरपेक्षा नेमका आहे. डी-२ स्टील हार्डनिंगनंतर साध्या लेथवर धरता येत नाही, ग्राइंडिंग नाहीतर स्पार्क इरोजन. आपण स्टीलमध्ये कायमची कोरून ठेवतोय ती त्रिज्या म्हणजे धातूबद्दलचं आपलं गृहीतक आहे. तेव्हा ते गृहीतक आधी तपासायचं.

तपासायचं म्हणजे ज्या लॉटमधून चाचण्या होणार त्याच लॉटच्या सेक्शनच्या भिंतीतून टेन्साइलचे नमुने कापायचे. सप्लायरच्या सर्टिफिकेटवर थांबायचं नाही. एका लांबीच्या दोन्ही टोकांचे आणि मधला, असे निदान तीन. सगळ्या तुकड्यांवर टेन्साइल परवडत नाही, म्हणून वेबस्टर हार्डनेस टेस्टर वापरा. पक्कडीसारखं हातात धरायचं साधं उपकरण आहे, एक्स्ट्रूजनच्या कारखान्यात असतंच असतं. त्याने यील्ड स्ट्रेंग्थ मिळत नाही, पण वेगळा निघालेला तुकडा लगेच पकडता येतो. फायनाइट एलिमेंटमध्ये मेश कितीही बारीक करा, यील्डचा आकडा दुसऱ्या कुणाच्या पेपरमधून उचलला असेल तर उत्तर त्या दुसऱ्याच्या धातूचं येणार.

डिझाइनमध्येही जागा ठेवा. रोटरी ड्रॉमध्ये कोन बदलणं सोपं आहे, स्टॉपर सरकवला की झालं. त्रिज्या बदलता येत नाही. म्हणून पहिली डाय हार्ड न करता ई-एन ८ सारख्या साध्या स्टीलमध्ये करा आणि मुद्दाम मोठी ठेवा, समजा ३८०. चार तुकडे वाकवा, मोजा, मग लेथवर हवी तेवढी खाली आणा. डायवरचा माल काढता येतो, घालता येत नाही. हार्डनिंग आणि क्रोम प्लेटिंग सगळ्यात शेवटी. वीस-पंचवीस तुकड्यांच्या संशोधनाला तर हार्डनिंगची गरजच पडत नाही, असं माझं मत. डाय हार्ड आणि चकचकीत असेल तरच खरं टूलिंग, हा समज कारखान्यातून येतो, जिथे तिच्यावर हजारो नग काढायचे असतात.

आता त्या भागाकडे येऊ ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते: पोकळ सेक्शनचं पोट बसणं.

वाकवताना बाहेरची भिंत ताणली जातेय. ताणलेली पट्टी वक्र झाली की ती आत, केंद्राकडे दाबते. ताणलेला पट्टा पुलीवर दाबतो तसं. दाब किती? ताण गुणिले जाडी भागिले त्रिज्या. २१४ गुणिले २ भागिले साधारण ३९०, म्हणजे चौरस मिलिमीटरला जवळपास १.१ न्यूटन. हा झाला ११ बारच्या आसपासचा दाब, कारच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे पाच पट. तो ३६ मिमी रुंद, २ मिमी जाड पत्र्यावर पडतोय, आणि तो पत्रा लांबीच्या दिशेने आधीच यील्ड झालेला आहे. आडव्या दिशेने टिकायला त्याच्याकडे फार ताकद उरलेलीच नसते. मग तो आत बसतो.

आतल्या भिंतीचं काय? ती दाबली जातेय, आणि दाबलेली वक्र पट्टी बाहेर, म्हणजे पुन्हा सेक्शनच्या मधल्या रेषेकडेच सरकते. इथे बरेच जण फसतात. वाटतं की डायची खाच नीट बसवली की आतली भिंत सुरक्षित. पण ती भिंत डायवर दाबली न जाता डायपासून दूर उचलली जातेय! बाहेरून कितीही अचूक खाच कापा, तिला अडवू शकत नाही. दोन्ही भिंतींना आधार फक्त पोटातून देता येतो. बाहेरून फक्त बाजूच्या भिंतींचं फुगणं रोखता येतं, तेवढ्यासाठी खाच घट्ट हवी.

पोटातून आधार म्हणजे मँड्रेल. चौकोनी पाइपसाठी मला आवडतो तो पट्ट्यांचा: नायलॉनच्या किंवा स्प्रिंग स्टीलच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचायच्या, वाकताना त्या एकमेकींवरून सरकतात. मधे लुब्रिकंट भरपूर, नाहीतर बेंडनंतर तो बाहेर ओढताना अख्खी लॅब लागते. एकच नमुना वाकवायचा असेल तर भरावही चालतो. आपल्याकडचे फॅब्रिकेटर पाइपमध्ये कोरडी वाळू ठासून भरतात, तीच युक्ती. ट्रम्पेट बनवणारे कारागीर नळीत डांबरासारखी राळ भरतात किंवा साबणाचं पाणी गोठवतात. जुन्या पेपरमध्ये वुड्स मेटल भरल्याचं वाचाल: ७० अंशांना वितळतो, म्हणजे गरम पाण्यात काम होतं. पण त्यात शिसं आणि कॅडमियम दोन्ही आहेत. वापरायचाच असेल तर फ्यूम हूडखाली. बिस्मथ, इंडियम आणि कथिल यांचा फील्ड्स मेटल ६२ अंशांना वितळतो, त्यात हे दोन्ही नाहीत. महाग मात्र खूप.

सगळ्यात स्वस्त आधार वेगळाच आहे. सेक्शन तुमच्याच डिझाइनचं असेल तर पोटात मधोमध एक उभी भिंत एक्स्ट्रूड करून घ्या. भिंतीची मोकळी रुंदी निम्मी झाली की आडवा बेंडिंग मोमेंट साधारण एक चतुर्थांश होतो. त्याच वेळी एक्स्ट्रूजनवाल्याला सीम वेल्ड कुठे येतात तेही विचारा. पोकळ सेक्शन बनताना धातू डायच्या आत फाटून पुन्हा जुळतो, त्या जोडाच्या रेषा लांबीभर असतात. जोड बाहेरच्या ताणलेल्या भिंतीवर आला तर तडा तिथूनच सुरू होण्याची भीती. ५ टक्क्यांना तुटलं म्हणून धातूला दोष देण्याआधी तुटलेली कड एच करून बघा.

सेक्शन असममित असेल, चॅनेल किंवा एल, तर ते वाकताना पिळलंही जातं, आणि सोडल्यावर तो पीळ अर्धवटच उलगडतो. त्याच्यावर स्वतंत्र पोस्ट लागेल.

स्ट्रेच बेंडिंगबद्दल एवढंच: सेक्शनला दोन्ही टोकांना धरून आधी यील्डपर्यंत ओढायचं आणि ओढ कायम ठेवून डायवर गुंडाळायचं. आतली भिंतही ताणात राहते, त्यामुळे तिच्या सुरकुत्या जातात आणि स्प्रिंगबॅक बराच कमी होतो. बंपर बीमसाठी हीच पद्धत, नॉर्वेत एनटीएनयू विद्यापीठात यावर बरंच संशोधन झालंय. पण बाहेरच्या भिंतीवरचा ताण काही कमी होत नाही, त्यामुळे तिचं आत बसणं वाढतं. एक दुखणं घालवलं की दुसरं बोकांडी.

टेम्पर बदलून सुटका होते का? काही प्रमाणात. धातू ५२० अंशांच्या आसपास सोल्यूशनाइझ करून पाण्यात विझवला की तो काही तास मऊ असतो. तेव्हा वाकवा, मग १७५ अंशांना आठेक तास एजिंग करून टी-६ ची ताकद परत आणा. अडचण अशी की खोलीच्या तापमानालाही तो हळूहळू कडक होत जातो. सकाळी वाकवलेला तुकडा आणि दुसऱ्या दिवशी वाकवलेला तुकडा हे दोन वेगळे धातू आहेत. विमानाचे काही रिव्हेट म्हणूनच विझवल्यानंतर फ्रीझरमध्ये ठेवतात. तुमच्या नोंदवहीत विझवण्याची वेळ नसेल तर त्या डेटाचा उपयोग नाही. टी-६ ला गॅस टॉर्चने शेकून वाकवायचा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे नको म्हणा. वाकेल छान, पण तेवढ्या भागाची ताकद गेलेली असेल आणि कितपत गेली ते कळणार नाही. ॲनोडाइझ केलेलं सेक्शनही वाकवू नका, वरचा ऑक्साइडचा थर ठिसूळ असतो, बारीक भेगा पडतात. आधी बेंड, मग ॲनोडाइझ.

आता मोजमाप. त्रिज्या थेट मोजता येत नाही. आपण जीवा ठेवतो आणि मधली उंची मोजतो. जीवा ३०० मिमी आणि त्रिज्या ४०० असेल तर उंची २९.२ मिमी येते. त्या उंचीत ०.१ मिमीची चूक झाली तर त्रिज्येत सुमारे १.३ मिमीचा फरक पडतो. साध्या पट्टीने अर्ध्या मिमीची चूक सहज होते, म्हणजे त्रिज्येत सहा मिमीच्या वर. आठवतंय, १७० आणि २१४ च्या लॉटमधला फरकही सहाच मिमी होता. पट्टीने मोजणाऱ्याला तो परिणाम दिसणारच नाही, किंवा नसलेला दिसेल. डायल गेज घ्या, दोन टेकूंमधलं अंतर पक्कं असलेलं छोटं फिक्स्चर करा. आणि गेजचं टोक बाहेरच्या भिंतीच्या मधोमध टेकवू नका, तिथे पोट बसलेलं असतं, कोपऱ्याजवळ टेकवा. कोपऱ्यावर मिळते ती बाहेरची त्रिज्या, तिच्यातून २० वजा करायचे.

प्रत्येक तुकड्यावर लॉट, मूळ लांबीतली जागा आणि तारीख हवी. मार्करने लिहू नका, लुब्रिकंट पुसताना तोही पुसला जातो. क्लॅम्पच्या बाजूच्या सरळ टोकावर नंबर पंच मारा, बेंडच्या भागात नाही.